कुलूप कच्चं आणि बोल किल्लीवालीला



आज एका चिटोऱ्यापासून सुरुवात करते. बोटभर लांबीचं, पिवळ्या कागदाचं चिटोरं. मी नोकरीला होते त्या कार्यालयात संगणकाच्या पडद्याखाली ते चिकटपट्टीनं लावलेलं असायचं. त्यावर दोन शब्द होते. पहिला कार्यालयाच्या खात्याचं नाव, दुसरा त्या खात्याचा पासवर्ड. अक्षर माझं होतं.

त्या एका खात्यावर आम्ही पाच जण काम करायचो. प्रत्येकाला वेगळं खातं हवं तर वर अर्ज करावा लागे, आणि वरून उत्तर येईपर्यंत काम थांबवणार कसं? साहेब म्हणाले, "एकच ठेवा, सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. दोन वर्षं काही झालं नाही. मग एक दिवस एका यादीतली रक्कम बदललेली आढळली. संगणकाच्या नोंदीत खात्याचं नाव होतं, तारीख होती, वेळ होती. हात कुणाचा होता, ते मात्र नव्हतं. त्या वेळी खुर्चीवर तीच बसलेली असणार, असं म्हणून कंत्राटावरच्या सगळ्यात धाकट्या मुलीकडे लेखी खुलासा मागितला. तिनं "मी नाही" असं लिहून दिलं. ते खोटं आहे हे कुणाला दाखवता आलं नाही, आणि खरं आहे हे तिला दाखवता आलं नाही. पुढच्या वर्षी तिचं कंत्राट वाढलं नाही.

चिटोरं मी काढून टाकलं, पण ते मनातून निघालं नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा हा पासवर्ड आला कुठून, ते शोधून वाचायला लागले. वाटलं होतं, हा यंत्रांचा इतिहास असेल. निघाला माणसांचा. आणि त्यात माझ्या कार्यालयातली गोष्ट वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटली. कुलूप कच्चं, आणि बोल किल्लीवालीला. तो इतिहास आज तुम्हाला सांगते.

पासवर्डला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई अंधारातून येणाऱ्याला परवल विचारायचा. बरोबर सांगितली तर वाट मोकळी. ही रीत जगभर होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं रोमन छावणीतली पद्धत तपशिलात लिहून ठेवली आहे. रोज सूर्यास्ताला ठरलेला माणूस अधिकाऱ्याच्या तंबूत जाई. तिथे त्याला एका लाकडी पाटीवर त्या रात्रीचा शब्द लिहून मिळे. ती पाटी तो आपल्या तुकडीत आणी आणि साक्षीदारांसमोर पुढच्या तुकडीच्या नायकाच्या हातात देई. अशी हातोहात फिरून पाटी अंधार पडायच्या आत अधिकाऱ्याकडे परत पोचली पाहिजे. नाही पोचली, तर ती कुठे अडकली हे शोधता येई आणि ज्याच्याकडे अडकली त्याला शिक्षा होई.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. एक, शब्द एका रात्रीपुरताच होता. दोन, पाटी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याला साक्षीदार होते. आणि तो शब्द सांगत काय होता? माणूस आपला की परका, एवढंच. तो कोण आहे, हे सांगायचं काम त्याच्याकडे कधीच नव्हतं.

ते काम त्याच्या गळ्यात बांधलं संगणकानं. साल १९६१, ठिकाण अमेरिकेतली एमआयटी ही संस्था. त्या काळी संगणक खोली भरून मावायचा आणि त्याची किंमत ऐकून छाती दडपायची. एका वेळी एकाच माणसाचं काम तो करी, बाकीचे रांगेत. फर्नांडो कोरबाटो या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी व्यवस्था उभी केली की एकच यंत्र अनेकांचं काम थोडा थोडा वेळ देऊन आळीपाळीनं करील. गावात एकच विहीर, आणि प्रत्येक घराला पाण्याची पाळी, तसंच. आता प्रत्येकाचं काम यंत्रात ठेवायचं तर ते एकमेकांत मिसळायला नको, कुणाची किती पाळी झाली हेही कळायला हवं. म्हणून प्रत्येकाला एक नाव आणि एक गुप्त शब्द दिला. संगणकाच्या पासवर्डची सुरुवात साधारणपणे इथून मानतात. हेतू साधा होता. ओळखीची, एकाच संस्थेतली माणसं, आणि त्यांच्या पाळ्या.

पण पाळी आली की चोरून पाणी घेणाराही आलाच. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला फक्त चार तास मिळत होते, आणि त्याच्या कामाला ते पुरत नव्हते. १९६२ च्या वसंतात एका शुक्रवारी रात्री त्यानं भोकं पाडलेल्या कार्डावर यंत्राला एक हुकूम लिहून दिला, की अमुक फाइल छापून ठेव. शनिवारी सकाळी कपाटातून तो कागद उचलून आणला. त्यावर सगळ्यांचे पासवर्ड होते, जसेच्या तसे. मग काय, दुसऱ्यांच्या खात्यांवर त्याचं काम सुखेनैव चालू झालं. कुणाला संशय येऊ नये म्हणून तो कागद त्यानं आणखी काही जणांना दिला. कबुली दिली तब्बल पंचवीस वर्षांनी.

पुढे दुसरा प्रसंग घडला, साठच्या दशकाच्या मध्यात, त्याच यंत्रावर. यंत्र सुरू करणाऱ्या प्रत्येकाला आधी 'आजची सूचना' दिसायची. एके दिवशी एक जण ती सूचना दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डची यादी. कार्यक्रमाची रचना अशी, की दोघांचंही अर्धवट काम एकाच नावाच्या तात्पुरत्या फाइलीत जाई. दोन्हींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी यंत्रापुढे बसला त्याच्या समोर आजची सूचना म्हणून सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. चोरी कुणीच केली नव्हती. कपाटाचं दारच उलटं बसवलेलं होतं. कोरबाटो यांना १९९० सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान. त्या वेळच्या भाषणात त्यांनी हा फजितीचा किस्सा स्वतः सांगितला.

मग शहाण्यांनी विचार केला, यंत्रात पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच कशाला? इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्याच दशकात युक्ती काढली. ती आपल्याला गिरणीवरून लगेच कळेल. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तसं पासवर्ड गणिताच्या जात्यातून दळायचा आणि यंत्रात फक्त पीठ ठेवायचं. तुम्ही पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळायचा आणि पिठाशी पीठ ताडून पाहायचं. पीठ चोरीला गेलं तरी गहू चोराच्या हाती लागत नाहीत. पुढे अमेरिकेत बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीत दळण्यापूर्वी प्रत्येक पासवर्डमध्ये चिमूटभर वेगळी भर घातली, म्हणजे दोघींचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसेल. या चिमटीला शास्त्रज्ञ आजही मीठच म्हणतात.

याच दोघांनी १९७९ साली एक निबंध छापला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यांतले २,८३१, म्हणजे शंभरातले शहाऐंशी, सहज शोधून काढता येण्यासारखे निघाले. कुणाचं एकच अक्षर, कुणाची तीन अक्षरं, कुणाचा शब्दकोशातला शब्द, कुणाचं नाव. आणि ही माणसं संगणकावरच काम करणारी, शिकलेली होती. इथे दोन धडे निघू शकत होते. एक असा, की माणसं आळशी आहेत, त्यांना दटावा. दुसरा असा, की माणसाच्या स्मरणशक्तीकडून आपण भलतंच काम मागतो आहोत. जगानं पुढची पंचवीस-तीस वर्षं पहिला धडा गिरवला.

दरम्यान यंत्रं तारांनी एकमेकांना जोडली गेली. एका विहिरीच्या शेकडो विहिरी झाल्या आणि आतून एकमेकींना भुयारं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफ स्टॉल या तरुण खगोलशास्त्रज्ञाला हिशेबाचं काम दिलं गेलं. संगणकाच्या वापराचे दोन हिशेब जुळत नव्हते. फरक किती? पंचाहत्तर सेंट. आपल्या भाषेत पाऊण डॉलर. कुणीही म्हणालं असतं, सोडा हो. पण बचत गटाचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला विचारा, दहा रुपयांचा फरक राहिला तर तिला झोप लागते का? स्टॉल यांनाही लागली नाही. त्यांनी माग काढला. एक अनोळखी माणूस त्यांच्या यंत्रातून लष्कराच्या आणि इतर संस्थांच्या यंत्रांत शिरत होता. त्यानं सुमारे साडेचारशे यंत्रांची दारं ठोठावली आणि तिसाहून अधिक उघडली. बरीच दारं फोडावीही लागली नाहीत. 'पाहुणा' अशा नावाची खाती तशीच उघडी होती. यंत्र विकत घेताना त्यात जो पासवर्ड असतो तोच कित्येकांनी ठेवला होता.

या चोराला यंत्रात पुरेसा वेळ अडकवून ठेवल्याशिवाय त्याच्यापर्यंतची तार शोधता येत नव्हती. स्टॉल यांच्या आठवणींप्रमाणे युक्ती सुचली ती त्यांची मैत्रीण मार्था मॅथ्यूज यांना. खोट्याच सरकारी कागदपत्रांचा ढीग रचून ठेवायचा, तो वाचत बसेल. तो बसला. माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात मार्कुस हेस याच्यापर्यंत पोचला. तो माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकणाऱ्या टोळीतला निघाला. १९९० मध्ये त्याला शिक्षा झाली.

आता काळाची गंमत बघा. १९८८ च्या नोव्हेंबरात एका प्रोग्रामनं जाळ्यावरची हजारो यंत्रं ठप्प केली. शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट होती पासवर्ड ओळखण्याची. ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी त्याच्यात भरलेली होती. तो लिहिणारा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे १९७९ चा तो निबंध लिहिणाऱ्या मॉरिस यांचा मुलगा. बापानं सांगितलेला धोका मुलानं खरा करून दाखवला.

यानंतर नियमांचा पाऊस सुरू झाला. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेतले बिल बर यांनी २००३ मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि पासवर्ड ठराविक काळानं बदलत राहा. जगभरच्या कार्यालयांनी हे उचललं. आपणही भोगलं आहे. दर तीन महिन्यांनी पडद्यावर सूचना यायची, पासवर्डची मुदत संपली. मग आपण काय करायचो? शेवटी एक होता तिथे दोन करायचो. दोनाचे तीन. आणि विसरू नये म्हणून चिटोऱ्यावर लिहून ठेवायचो.

पण त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अँजेला सासे आणि ॲन ॲडम्स या दोघींनी वेगळाच प्रश्न विचारला होता. कर्मचारी नियम मोडतात, ते का मोडतात? त्यांनी थेट कामाच्या ठिकाणच्या माणसांना विचारलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या. उत्तर आलं, की माणसं बेफिकीर नाहीत. पासवर्ड इतके जास्त, इतक्या वेळा बदलायचे आणि एकत्र करायच्या कामाशी इतके विसंगत, की नियम पाळला तर काम होत नाही, काम केलं तर नियम मोडतो. शिवाय धोका नेमका काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांच्या निबंधाच्या नावाचाच अर्थ असा आहे, की वापरणारी माणसं शत्रू नव्हेत. मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. मला ती धाकटी मुलगी आठवली.

पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. सक्तीनं बदलायला लावलेल्या या पासवर्डांपैकी शंभरातले एक्केचाळीस, आधीचा शब्द माहीत असेल तर, संगणकाला तीन सेकंदांच्या आत ओळखता आले. म्हणजे एकाचे दोन करायची आपली युक्ती सगळ्या जगाची होती, आणि चोरालाही ठाऊक होती.

आणि आता गोधडीची गोष्ट. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीनं ते दळलेलेच नव्हते, गहू तसेच पोत्यात ठेवलेले. १९६२ ची चूक, सत्तेचाळीस वर्षांनी. सगळ्यात जास्त जणांनी ठेवलेला पासवर्ड होता १२३४५६. पहिल्या पाचांत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या अर्थाचं इंग्रजी वाक्यही होतं. लॉरी क्रेनर या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्राध्यापिका पासवर्डांचा अभ्यास करतात. त्यांनी या यादीतले सगळ्यात जास्त वापरले गेलेले हजार शब्द घेतले, जो जास्त वापरला तो मोठ्या अक्षरात, विषयाप्रमाणे रंग वेगळा, असे कापडावर छापून घेतले आणि त्याची गोधडी शिवली. मुलांची नावं, देवाची नावं, प्राणी, प्रेमाचे शब्द, शिव्यासुद्धा. पासवर्ड म्हणून माणूस जे टाकतो ते त्याच्या जिवाभावाचं असतं, हे त्या गोधडीवर दिसतं. आणि जे जिवाभावाचं, ते ओळखायला सोपं. याच क्रेनर यांनी २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्या ग्राहक संरक्षण करणाऱ्या आयोगात काम करताना जाहीरपणे मांडलं, की उगाच मुदत घालून पासवर्ड बदलायला लावणं फायद्याचं नाही.

२०१७ मध्ये त्या मानकसंस्थेनं आपली मार्गदर्शिका फिरवली. ठराविक मुदतीनं सक्ती नको, चिन्हांची कसरत नको. पासवर्ड लांब असू द्या, आणि तो आधी चोरीला गेलेल्या यादीत नाही ना, हे यंत्रानं तपासावं. फुटल्याचा संशय आला तरच बदला. त्याच वर्षी निवृत्त झालेल्या बिल बर यांनी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. पण तोवर चौदा वर्षं लोटली होती.

मग लांबलचक पासवर्ड ठेवला की झालं का? नाही. याचं उत्तर एका स्वयंपाकघरात मिळतं. १९६७ च्या जूनमध्ये लंडनमधल्या एन्फील्ड इथे बार्कलेज बँकेनं पैसे देणारं यंत्र बसवलं. त्यामागचे जॉन शेफर्ड बॅरन हे शिलाँगला जन्मलेले. त्यांनी सांगितलेली आठवण अशी, की गुप्त आकडा सहा अंकी करायचा त्यांचा विचार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्यांनी पत्नी कॅरोलाइन यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मला चारच लक्षात राहतील. चार अंक ठरले. आज आपल्या एटीएमचा पिनही चार अंकीच असतो. चार अंक म्हणजे फक्त दहा हजार शक्यता. तरी ते चालतं, कारण तो आकडा एकटा नसतो. हातात कार्ड लागतं, आणि तीन-चार वेळा चुकलं की कार्ड बंद पडतं. माणसाच्या डोक्यावर ओझं कमी, आणि बाकीचं काम व्यवस्थेवर. डोक्यातली एक गोष्ट आणि हातातली एक गोष्ट, याला दुहेरी पडताळणी म्हणतात. आपल्या रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर छापलेली नाही अशी आणखी एक खूण सक्तीची केली. आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामागे हाच विचार आहे.

कामाच्या खात्यांना मात्र कित्येक ठिकाणी हे दुसरं कुलूप लागलंच नाही. आता तर कार्यालयाची कागदपत्रं क्लाउडवर असतात. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं, दुसऱ्या कुणाच्या इमारतीतले संगणक असतात, आणि त्यांचं दार जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून ठोठावता येतं. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन या कंपनीची इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. सुमारे ८,८५० किलोमीटरची वाहिनी, पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास निम्मं तिच्यातून जातं. पंपांवर रांगा लागल्या. कंपनीनं सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. चोर शिरले होते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्याला दुसरं कुलूप नव्हतं. कंपनीच्या प्रमुखांनी संसदेपुढे सांगितलं, की पासवर्ड सोपा नव्हता, चांगला अवघड होता. पण चोरीला गेलेला पासवर्ड अवघड असला काय अन् सोपा असला काय!

दुसरं कुलूप लावलं तरी ते उघडणारा हात आपलाच असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरांकडे होता. ते आत शिरायचा प्रयत्न करत राहिले, आणि दर वेळी त्याच्या मोबाइलवर 'हे तुम्हीच का?' अशी विचारणा येत राहिली. अखेर त्यानं एकदा 'हो' दाबलं. एकदाच पुरलं.

म्हणून आता कुलूपच बदलायची तयारी चालली आहे. गूगलनं २०१७ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना खिशातल्या किल्लीएवढं उपकरण सक्तीचं केलं. ८५ हजारांवर कर्मचारी, आणि पुढच्या वर्षी कंपनीनं सांगितलं की खोट्या पानावर फसवून कामाचं खातं लुटल्याची एकही नोंद झालेली नाही. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन 'पासकी' सगळीकडे आणायचं जाहीर केलं. तिच्यात लक्षात ठेवायला शब्दच नसतो. किल्ली तुमच्या फोनमध्ये राहते, तुम्ही बोट टेकवून किंवा फोनचा पिन टाकून ती वापरायची परवानगी देता. ती जिथे नोंदवली त्याच खऱ्या पानाला उत्तर देते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाला आपण फसू, ती फसत नाही.

आपल्या हिरकणीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. रायगडाचे दरवाजे सांजेला बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. दंतकथा सांगते, की महाराजांनी तिला बोल लावला नाही. तिचा सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. कामासाठी, पोटासाठी माणूस जिथून वाट काढतो तिथे कडा उघडा आहे, हे ओळखून बुरूज बांधायचा असतो. साठ वर्षांच्या या इतिहासाचं सार मला तरी तेवढंच वाटतं.

तेव्हा अंगणवाडीच्या फोनवर नोंदी करणाऱ्या, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेत संगणकावर बसणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना एक मागणं. आपल्या नावाचं वेगळं खातं मागा, आणि लेखी मागा. रोमन शिपायाच्या पाटीला साक्षीदार होते. आपलं खातं हाच आपला साक्षीदार. ते कुणाला वापरायला दिलं तर आपण आपलाच साक्षीदार गमावतो. साहेबांनी पासवर्ड मागितला तर नम्रपणे म्हणा, "सर, काम मी करून देते, पण खातं माझ्याच हातात राहू द्या." दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

कामाच्या खात्याला दुसरं कुलूप लावून घ्या. पासवर्ड ठेवायचाच असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून ठेवा. लांब होतो आणि लक्षात राहतो. घरचा आणि कामाचा एकच नको. आपण काही उघडलं नसताना मोबाइलवर विचारणा आली तर 'नाही' दाबा आणि लगेच सांगा. ओटीपी फोनवर कुणालाच नाही, आवाज कितीही गोड असो. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद झाली का, हे विचारा. आणि हातून चूक झालीच तर लपवू नका. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा, कारण सुरुवातीचे तास मोलाचे असतात.

ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांनाही एक सांगते. खुलासा मागण्याआधी पडद्याखालचं चिटोरं बघा. ते का लावावं लागलं, ते विचारा.

त्या मुलीला मी मागच्या वर्षी भेटून आले. तिचं स्वतःचं दुकान आहे आता. मी तिला म्हटलं, "अक्षर माझं होतं गं." ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. पण तुम्ही तेव्हा म्हणाला असतात तर बरं झालं असतं."

तेव्हा नाही म्हणाले. म्हणून आज तुम्हा सगळ्यांसमोर म्हणते आहे.